टोमॅटो जातात कुठे

आमच्या वहिनींना माणसांची पारख नाही, असं माझं ठाम मत होतं. भाऊ गेल्यावर पॉलीहाऊस त्यांनी एकहाती सांभाळलं, हे मान्य. पण कामाला माणसं आणली कुठून, तर मनोरुग्णालयातून बरी होऊन आलेली, ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नाही. वर पगार पूर्ण. काम मात्र चोख मागत.

"मी पुण्य कमवत नाही भाऊजी, टोमॅटो विकते," असं म्हणत. माझा विश्वास बसत नसे.

पॅकिंग शेडवर देखरेख माझी. आलेल्या चेरी टोमॅटोंचे जितके डबे व्हायला हवेत, तितके होत नव्हते. माझी नजर थेट डबे भरणाऱ्या मौनीवर गेली. तो कुणाशी बोलत नसे, आणि न बोलणाऱ्या माणसाचा मला मुळातच संशय येतो.

"जो माल नेतो, तो जाईल," मी वहिनींना बजावलं.

"चालेल. पण आधी दाखवा."

क्रेटच्या ढिगामागे बसून मी पाळत ठेवली. पाय आखडले, डास चावले. मौनीनं एकही टोमॅटो खिशात घातला नाही. पण झाकणाखाली बोटभर जागा सोडायची असते, ती त्याला बघवतच नव्हती. प्रत्येक डब्यात तो ओंजळभर माल जास्त कोंबत होता.

"चोर नसेल, पण तोटा तर करतोय," मी म्हणालो.

"तोटा डब्यामुळे होतोय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी उथळ डबे मागवले. आता गच्च भरला तरी माल नेमका बसे. हॉटेलवालेही खूश झाले.

तरी रोज थोडा माल कमी पडतच होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता मौनीची खैर नव्हती.

त्याच संध्याकाळी जेवताना मी बायकोला विचारलं, "हल्ली रोज ताटात टोमॅटो कसे?"

"तुम्हीच तर डब्यातून आणता. मला वाटलं, वहिनी देतात."

माझा जेवणाचा डबा दुपारनंतर मौनीच्या टेबलावर रिकामा पडलेला असायचा. मी हातातला टोमॅटो ताटात परत ठेवला.

सकाळी मी घासलेला डबा वहिनींपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. जराही हसल्या नाहीत.

"जो नेतो तो जाईल, असंच ठरलं होतं ना, भाऊजी?"

मला खरंच भीती वाटली. तेवढ्यात मौनी दारात आला. त्यानं उघडा डबा पाहिला, आणि तो ओंजळभर टोमॅटो आणायला परत फिरला.