मंचावर मांडलेली कढई

गेल्या वर्षी धाराशिवला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मला पहिल्या रांगेत बसवून माझीच गोष्ट ऐकवण्यात आली. किशोरवयीन मुलांची बलस्थानं कशी ओळखावीत, हा विषय होता. व्याख्याते तरुण आणि उत्साही होते, माहितीचा भार मात्र त्यांनी अंगावर घेतलेला नव्हता. भूम तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी म्हणे दहावीत मागे पडलेल्या एका मुलीच्या हातातली कला हेरली, तिला स्नेहसंमेलनाच्या मंचावर आणलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, मुलगी फुलली आणि शाळेत पहिली आली. ‘ते मुख्याध्यापक आज आपल्यात बसले आहेत,’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘यातलं टाळ्या वाजल्या एवढंच खरं आहे.’ सभागृह हसलं. लोकांना तो माझा विनय वाटला. विनय हा माझा गुण असल्याचं आजवर माझ्या घरातही कुणी म्हटलेलं नाही. पुढचं वाक्य बोलणार तोच ध्वनिक्षेपक माझ्या हातून आदरपूर्वक काढून घेण्यात आला आणि हातात नारळ देण्यात आला.

म्हणून हे लिहितो आहे. माझी चूक कुणी सत्कारात घालून मला परत करावी, हे मला चालत नाही. ज्या मुलीची ही हकिगत आहे, तिला लिहिण्याआधी विचारलं. ‘नाव तेवढं घालू नका,’ असं ती म्हणाली. तिचं नाव नाही, म्हणून इतर कुणाचंही नाही.

माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच-सहा महिने उरले होते. तालुक्याहून महिन्यातून दोनदा एक समुपदेशक बाई शाळेत येत. वयाने त्या माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. दहावीच्या प्रत्येक मुलामागे एक असे तक्ते त्यांनी भरायला दिले होते. तक्त्यात एक रकाना अडचणींचा, एक बलस्थानांचा. वर्गशिक्षकांनी तक्ते भरून माझ्या सहीसाठी ठेवले. एका तक्त्यावर अडचणींचा रकाना काठोकाठ भरलेला होता: उशिरा येते, तासाला डुलक्या घेते, गणित कच्चं, कपड्यांना धुराचा वास येतो. आणि बलस्थानांच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘निरंक’.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. शासकीय कागदावर रकाना रिकामा सोडायचा नसतो. जिथे लिहिण्यासारखं काही नसेल तिथे आम्ही ‘निरंक’ लिहितो. पटसंख्येच्या, भांडारनोंदीच्या, पावसाच्या कागदावर आयुष्यभर लिहिलेला हा शब्द हातातून आपोआप उतरतो. तो या वेळी एका मुलीच्या नावासमोर उतरला होता.

मी वर्गशिक्षकांना बोलावलं. ‘पंधरा वर्षांच्या पोरीत काहीच नाही?’

‘सर, रकाना मोकळा ठेवला तर तक्ता परत पाठवतात.’

हा माणूस वाईट नव्हता. साठ मुलांचे तक्ते त्याने दोन दिवसांत भरले होते आणि घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. आज लोक त्याला या गोष्टीतला खलनायक करतात, तेही मला मान्य नाही. त्याने एका शब्दाची चूक केली. माझी चूक त्याहून बरीच मोठी होती.

त्याच आठवड्यात घरी पाहुणे यायचे होते म्हणून खवा आणायला मी ईट गावाच्या रस्त्यावरच्या एका भट्टीवर गेलो. आमच्या बाजूला दूध आटवून खवा करणाऱ्या भट्ट्या गावोगावी आहेत, पण एवढ्या सकाळी मी कधी कुठल्या भट्टीवर गेलो नव्हतो. कढईसमोर तक्त्यातली ती ‘निरंक’ मुलगी उभी होती; भट्टी तिच्या वडिलांचीच होती. लांब दांड्याच्या उलथन्याने ती दूध सतत ढवळत होती. नजर कढईत, एका पायाने जळणाचं लाकूड आत सारणं चालूच. खवा उतरवण्याची एक वेळ असते. जरा आधी काढला तर ओला राहून आंबतो, जरा उशीर झाला तर करपतो. तिने ती वेळ अशी साधली की मी पाहतच राहिलो. ही मुलगी पहाटेपासून आगीपुढे उभी राहून मग शाळेत येते आणि आम्ही तिच्या डुलक्या मोजतो! माझा संताप आणि आनंद एकाच वेळी उसळला. शाळेत येऊन मी ‘निरंक’वर लाल रेघ ओढली आणि लिहिलं: ‘खवा उत्तम करते. हातात कला आहे.’

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलं होतं. मंचावर शेगडी आणि कढई मांडून पाहुण्यांसमोर या मुलीकडून खवा करून घ्यायचा, असं मी ठरवलं. समुपदेशक बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला.

‘सर, तिला विचारलंत का?’

‘बाई, कौतुक करायला कुणी परवानगी मागतं का?’

‘कौतुक तिचं होणार आहे म्हणून विचारलं.’

‘बत्तीस वर्षं मुलं सांभाळतोय मी. तुमचे तक्ते आत्ता आले.’

त्यांनी आपली वही मिटली. मला वाटलं, मी जिंकलो.

मंचावर ती खाली मान घालून ढवळत राहिली. मी बोललो, आणि चांगलं बोललो. ‘या मुलीच्या हातात जी कला आहे, ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही!’ टाळ्या पडल्या. पाहुण्यांना द्रोणातून गरम खवा दिला गेला. पुढच्या रांगेत तिचे वडील मोबाइल उंच धरून सारं टिपून घेत होते. आपल्या पहाटेचा वर्गाला पत्ता लागू नये म्हणून ही मुलगी रोज शाळेच्या नळावर दोनदा हात-तोंड धुते आणि ओढणीला पावडर लावते, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी तिला दारातच गाठलं. ‘ए, पावशेर दे गं!’ तिसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली.

परीक्षेला दीड महिना राहिला होता. तिच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. ती आता बसली नाही तर पुन्हा बसणार नाही, हे मी जाणून होतो. आठवडाभर वाट पाहून मी भट्टीवर गेलो.

‘या सर, बसा. च्या ठेव गं,’ वडील म्हणाले. मुलगी माझ्याकडे न पाहता आत गेली.

‘पोरगी शाळेत येत नाही.’

‘न्हाय येनार आता.’

‘का?’

‘आता का म्हंता? तुमीच चार गावच्या म्होरं म्हनलाव की, हिच्या हातातली कला पुस्तकात न्हाय म्हून. मंग पुस्तकापायी कशाला हेलपाटं घालायचं? आमाला बी इतके दिस कळलं न्हवतं. तुमी डोळं उघडलं बगा.’

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. त्या माणसाच्या डोळ्यांत लेकीचा अभिमान होता आणि तो मीच घातलेला होता. मी काही बोलू लागलो, तर त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. ‘हे बगा, हाय की यात तुमचं भाषन. पावन्यांना बी धाडलंय.’ माझाच आवाज माझ्या तोंडावर वाजला. टाळ्यांसकट.

शाळेतले माझे जुने सहकारी सांगतात, सरांनी त्या दिवशी कायद्याचा धाक दाखवून बापाला सरळ केलं. साफ खोटं. मी त्या दिवशी चहा प्यायलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी मला ऐकवलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर अर्धा तास ऐकवलं असतं. ‘जाऊ या,’ त्या म्हणाल्या, ‘पण तिथे मी सांगेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही.’ मी कबूल झालो. ते किती कठीण होतं, हे माझ्या हाताखाली काम केलेला कुणीही सांगेल.

आम्ही सकाळी दूध घालायच्या वेळेला पोचलो. आठ-दहा माणसं किटल्या घेऊन उभी होती. बाई एका पोत्यावर बसल्या, मीही बसलो. दुधाला किती कस आहे, हे पाहायला त्या भट्टीवर प्रत्येकाचं दूध थोडंसं घेऊन त्याच्यासमोरच आटवत आणि किती खवा उतरला ते पाहत. एका म्हातारीच्या दुधाचा खवा फारच कमी उतरला. पाणी घातलेलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. वडील काही बोलायला गेले, तेवढ्यात मुलगी पुढे झाली.

‘आत्ते, हिरवा चारा लई झाला काय? दूध पातळ पडायलंय.’

‘हिरवा कुठला गं! वाळली वैरन मिळंना.’

‘मंग हौदावर लई वेळ उभी ऱ्हाती वाटतं तुमची म्हस.’

‘आता मुक्या जिवाला पानी पिऊ नको म्हनू का?’

‘पिऊ द्या की. निस्तं धार काढल्याव नका पाजू.’

किटलीवाले खो-खो हसले. मग म्हातारीही हसली. ‘लई तोंडाची हाय बया!’ म्हणत किटली उचलून गेली. भांडण झालं नाही, अपमान झाला नाही आणि पाणी पकडलं गेलं. मी मुख्याध्यापक म्हणून कित्येक पालकसभा घेतल्या. हे मला एकदाही जमलेलं नाही.

गर्दी थोडी ओसरल्यावर बाईंनी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, ‘तुला स्वतःला काय चांगलं येतं असं वाटतं?’

ती बोटाला लागलेला खवा खरवडू लागली. ‘खवा न्हाय,’ ती म्हणाली. ‘खवा काय, करावं लागतं म्हून येतं. दादाला दम लागतो धुरानं.’ वडिलांना ती दादा म्हणे. ‘मला मानसं वळखू येत्यात. कुनाला काय म्हनलं की राग येनार न्हाय, ते कळतं.’

‘आणि शाळा?’

‘परीक्षा द्यायचीय मला.’ मग ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. ‘पर सर, आदी तुमी स्टेजवर बोललाव ते माघारी घ्या. हितं. ह्या समद्यांच्या म्होरं.’

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. बोलायची परवानगी मिळाली ती अशा कामासाठी.

मी उठलो. उरलेल्या चार-पाच किटलीवाल्यांसमोर, धुरात डोळे चोळत म्हणालो, ‘संमेलनात मी जे बोललो ते चुकीचं होतं. हिच्या हातात कला आहे हे खरं, पण तेवढंच दाखवून मी हिला शाळेबाहेर काढलं. हिला न विचारता मंचावर उभं केलं. माझं चुकलं.’ कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाला, ‘जाऊ द्या सर, म्होटी मानसं चुकत्यातच.’ अशी सहज मिळालेली माफी मला शिक्षेपेक्षा जड गेली.

गावात असंही बोललं जातं की बाईंनी बापाचं मन वळवलं. तेही खरं नाही. बाई पोत्यावरून उठल्याही नाहीत. मुलगी स्वतःच वडिलांपाशी गेली.

‘दादा, सकाळची भट्टी मी करते. धा वाजता सोडा.’

‘आन सांजचं दूध?’

‘सांजचं तुमी. सव्वा म्हैना.’

‘दम लागतो की गं मला.’

‘दम लागला की कढई उतरवा आन जरा भाईर बसा. मानसं थांबतेत. मी सांगून ठिवते समद्यांना.’

वडील उलथन्याचा दांडा पुसू लागले. ‘परीक्षेपतूर,’ ते म्हणाले.

‘परीक्षेपतूर. म्होरचं म्होरं बसून ठरवू.’

पुढे कोण काय म्हणेल त्याचा अंदाज घेऊनच ती बोलत होती, आणि त्या अंदाजात बाप हरला असं त्याला कुठेही वाटू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, उशिराच आली, आणि ‘पावशेर’ म्हणणाऱ्या पोराला तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुझ्या आजीचं दूध पातळ का पडतंय, सांगू का वर्गात?’ तो प्रश्न तिथेच मिटला. मी त्यात पडलो नाही, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं.

ती पहिली आली नाही. गणितात काठावर आणि बाकी विषयांत बऱ्यापैकी गुणांनी ती पास झाली. याला मोठी गोष्ट म्हणायचं की नाही, ते व्याख्यात्यांनी ठरवावं. माझ्यापुरती मोठी गोष्ट पहिल्या पेपरच्या सकाळी झाली. मी केंद्राच्या फाटकाशी उभा होतो. घंटेला वीस मिनिटं असताना वडिलांची मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना किटल्या, मागे ती, छातीशी पॅड धरलेलं. ती उतरली, मला मान हलवून आत गेली. वडील तिथेच थांबले, गाडी चालूच.

‘आज सकाळच्या भट्टीला कोन हुतं, वळखा सर,’ ते म्हणाले.

‘कोण?’

‘म्या. तिला म्हनलं, तू आभ्यास कर.’ ते खोकले आणि हसले. ‘समदा खवा करपला.’