चुगली न करणाऱ्यांचं मंडळ

माझ्या नवऱ्याच्या मंडळात पाच सभासद होते, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. जुन्या ब्रिटिश मुलांच्या गोष्टींची साप्ताहिकं जमवायची, एवढंच मंडळाचं काम. विलायतेतल्या पोरांनी कधीच वाचून टाकलेले, पिवळे पडलेले अंक हे लोक टपालाने मागवायचे आणि शुक्रवारी कुवेतमधल्या फिंतासला अध्यक्षांच्या घरी जमून, इस्पितळातले हातमोजे घालून उलगडायचे. अध्यक्ष इंजिनियर, आमचे हे डॉक्टर. दोघंही नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले, पण गप्पा मात्र त्या अंकांतल्या विलायती बोर्डिंग शाळांच्या.

नुसतं वाचून भागत नव्हतं. त्या गोष्टींतल्या पोरांसारखं वागायचंही. सगळ्यात मोठा नियम म्हणजे मित्राची चुगली करायची नाही. एकदा मी करून नेलेल्या भेळेची चटणी एका अंकावर सांडली. कोणी सांडली ते सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी सगळे मूग गिळून बसले आणि शिक्षा म्हणून पाचही जणांनी महिनाभर चहा सोडला. मिशा पिकलेली माणसं! मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसून घेतलं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि हसू संपलं. काही आठवड्यांनी आम्ही बसने बगदादमार्गे अम्मानला निघालो. अध्यक्षही त्याच बसमध्ये होते. माणशी एकच बॅग. निघायच्या सकाळी पाहते तर ह्यांच्या बॅगेत मी भरलेले लाडू-दशम्या ओट्यावर काढून ठेवलेले, आणि आत अंकांचा गठ्ठा. तोही अध्यक्षांचा. त्यांच्या बॅगेत मावत नव्हता म्हणे. लोक पळताना सोनं नेतात, खायला नेतात. आमच्या शहाण्याने दुसऱ्याची रद्दी घेतली.

बसऱ्याच्या पुढे एका नाक्यावर सैनिक बसमध्ये चढले आणि बॅगा उघडायला लागले. गठ्ठ्यातल्या वरच्याच अंकावर ब्रिटिश झेंडा आणि बंदूक रोखलेला गोरा शिपाई. त्या दिवसांत, त्या रस्त्यावर! सैनिकाने ह्यांची कॉलर धरली.

"इंग्लिझी? कोणाचं हे?" मोडक्या इंग्रजीत तो विचारत राहिला.

हे गप्प. खाली उतरवलेला माणूस परत बसमध्ये चढेलच, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं. अध्यक्ष आमच्या मागच्याच सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. बाहेर वाळूशिवाय काही नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, मागे बोट केलं आणि इंग्रजीत ओरडले, "ह्यांचं आहे! माझ्या नवऱ्याचं नाही!"

अध्यक्षांना खाली उतरवलं. दोन थोबाडीत बसल्या, गठ्ठा गेला, आणि बऱ्याच वेळाने त्यांना परत चढू दिलं. ह्यांनी आमची पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

अम्मानला तंबूत टेकल्यावर ह्यांनी तोंड उघडलं. "तू असं करायला नको होतंस. मित्राचं नाव सांगायचं नसतं."

"अहो, तुम्हाला नेलं असतं! त्यांनी का नाही सांगितलं मग?"

"ते त्याचं त्याने बघायचं. आपण सांगायचं नाही."

"आणि माझं काय झालं असतं? तुमच्या त्या गोष्टींत बायकोला असं वाऱ्यावर सोडतात का?"

त्यांनी विचार केला. खरंच, अगदी मनापासून विचार केला.

"त्या गोष्टींत बायका नसतातच," ते म्हणाले.