दोन कप चहा

परवा नातीच्या कॉम्प्युटरवर ‘परवानगी नाही’ अशी पाटी आली आणि माझं तोंड कडू झालं.

जव्हारच्या एका कचेरीत मी शिपाई होते. सूर्यमाळकडच्या आदिवासी पाड्यावरची सुगंधा तिथं नवी कारकून लागली. तिच्या नावानं खातं काढायचं सोडून साहेबांनी तिला निवृत्त झालेल्या भाऊ कारकुनांचंच नाव आणि पासवर्ड दिला. आमच्याकडे रीतच तशी, माणूस बदलला तरी खुर्चीचं नाव तेच. ती पासवर्ड टाकायची, मशीन आत घ्यायचं आणि लगेच बाहेर फेकायचं. आठ दिवस साहेब सगळ्यांदेखत तिला बोलत होते, “नागली कुटणाऱ्यांना हे कसं जमायचं?” आठव्या दिवशी म्हणाले, “सोमवारपासून येऊ नकोस.”

शेवटी ठाण्याहून दुरुस्तीवाला आला. काळ्या पडद्यावर दोन ओळी टाइप करून तो हसला. “पासवर्ड बरोबर टाकतेय ही. पण भाऊ निवृत्त झाले तेव्हा या नावाचा शेल, म्हणजे मशीनला हुकूम द्यायची खिडकी, बंद केलाय. आत शिरलं तरी काम करता येत नाही. बंद करा म्हणून तुम्हीच फोन केला होतात, साहेब.”

सुगंधा साहेबांकडे बघत राहिली. साहेब माझ्याकडे वळले. “मावशी, आम्हाला दोन चहा आणा.”

मी दोनच आणले आणि तिच्या पुढ्यातून नेले.

साहेबांची किळस मला तेव्हाच आली होती. स्वतःची आता येते. किटली माझ्या हातात होती. तिसरा कप भरायला कुणाची परवानगी लागत नव्हती.