तिजानीकाकांचा आवाज

माझ्याइतकी शहाणी बाई ट्युनिशियातल्या आमच्या अख्ख्या महदिया गावात नाही, असं मला वाटायचं. शाळेत इटालियन शिकवून बावीस वर्षं झालेली. इटलीबाहेरच्या शाळांसाठी दरवर्षी स्पर्धा निघते, ती जाहीर झाली की माझ्या अंगातच यायचं. त्या वर्षी विषय होता 'माझ्या गल्लीतली इटालियन'. तीन मिनिटांची फिल्म करायची, आणि जिंकलेल्या फिल्मा सिसिलीत दाखवणार होते.

वर्गातली ईनास म्हणाली, "मॅडम, माझ्या आजोबांना घेऊ या?"

तिचे आजोबा म्हणजे बंदरावरचे तिजानीकाका. बाविसाव्या वर्षी ते समुद्रापलीकडे, इटलीच्या सिसिली बेटावरच्या माझारा गावी गेले आणि एकोणीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर राबले. गुडघा कामातून गेला तेव्हा परत आले नि बंदरावर जाळी दुरुस्त करायला बसले. बायकोवर, मबरूका काकूंवर, ते आपल्या भाषेत चिडायचे, पण मांजरांना शिव्या द्यायच्या त्या इटालियनमध्ये. काकू म्हणायच्या, "मांजरांचं नशीब बघा! त्यांना परदेशी माल, आणि आम्हाला इथलाच."

काकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांना भाषा शिकवली कप्तानाच्या बायकोनं, सिन्योरा कार्मेलानं. बोट धक्क्याला लागली की ती त्यांना स्वयंपाकघरात बसवायची, मटार सोलायला द्यायची आणि सोलता सोलता बोलतं करायची. पुढे कप्तान वारला. काकांनी दोनदा व्हिसा मागितला, दोन्ही वेळा नकार आला. आमच्याकडे दुखवट्याचा फोन करत नाहीत, माणसानं जाऊन समोर बसावं लागतं. त्यांना ते जमलं नाही. सहा वर्षं ही गोष्ट त्यांना टोचत होती.

म्हणून फिल्मचं कळल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "पोरी, सिन्योराला माझं तोंड दिसेल ना?"

"दिसेल की काका. पहिला नंबर आणू आपण."

शूटिंगला ते मुलाच्या लग्नातला कोट घालून आले, आमच्याकडचे पुरुष खोचतात तसा कानामागे मोगऱ्याचा गुच्छ खोचून. दहा मिनिटं बोलले. शेवटी सरळ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "सिन्योरा, मी तिजानी. यायला उशीर झाला. तुमच्या धन्याचं मीठ खाल्लंय मी, आणि त्याच्या मातीला आलो नाही. माफ करा." आणि त्यांना रडूच कोसळलं. ईनासही रडली.

मी मात्र घामाघूम झाले होते. त्यांचं इटालियन म्हणजे माझाराच्या धक्क्यावरची बोली, त्यात आपले अरबी शब्द, मध्येच खलाशांची एखादी शिवी. परीक्षक सगळे प्राध्यापक. म्हणतील, बाई हेच शिकवते का? खोटं कशाला सांगू, मला त्यांची लाज वाटली.

मग मी काय केलं? आमची पिढी इटालियन टीव्हीवर वाढली. तिथे परदेशी नटांची तोंडं हलतात आणि आवाज दुसऱ्याचा असतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी काकांची वाक्यं शुद्ध करून लिहिली आणि वर्गातल्या सैफल्लाकडून वाचून घेतली. त्याचा आवाज खणखणीत. सिन्योराचा भाग तीन मिनिटांत बसेना, तो कापला. फोन भरला होता, मूळ शूटिंग पुसून टाकलं.

ईनासनं विचारलं, "मॅडम, आजोबांना सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? नंबर आला की खूश होतील."

नंबर आला. पहिला! शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा काका अर्धं बंदर घेऊन आले आणि पुढच्या रांगेत बसले. पडद्यावर त्यांचं तोंड हललं आणि सैफल्लाचा आवाज आला. मागून एक कोळी ओरडला, "अरे तिजानी, तू कधी तरुण झालास?" सगळे हसले. काकाही हसले.

टाळ्या झाल्या, केक वाटला, माणसं उठून गेली. काका मात्र कोटाची बटणं लावून तसेच पडद्याकडे बघत बसले होते. मी जवळ गेले.

"पोरी, पुढचं कधी लावणार?" त्यांनी विचारलं.

"पुढचं नाही काका. वेळ कमी होता."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पोरगा छान बोलतो," म्हणाले. "पण सिन्योराला कसं कळणार, की आलो होतो तो मीच?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रंदिवस तेच वाक्य कानात. तीन आठवडे फोनाफोनी करून माझारातली एक शिक्षिका गाठली. ती म्हणाली, नवीन काढून पाठवा, मी स्वतः सिन्योराच्या घरी नेऊन दाखवते. मी धावतच बंदरावर गेले.

"काका, कोट घाला. परत काढू. यावेळी काही कापणार नाही, शप्पथ!"

ते आले. मी फोन धरला. काकांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि बोलायला लागले. सावकाश, एकेक शब्द सुटा, मधे एकही शिवी नाही. बोलणं सैफल्लाचं होतं, वाक्यं माझी होती. कार्मेलाबाईंच्या स्वयंपाकघरातलं त्यात काहीच उरलं नव्हतं. दुखवट्याचं वाक्यसुद्धा त्यांनी त्याच साच्यात बसवून आणलं होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं, चुकू नये म्हणून त्यांचं सगळं लक्ष शब्दांवर.

"काका, असं नाही, तुमच्यासारखं बोला ना," मी म्हटलं.

"पंधरा दिवस ईनासच्या फोनवर ती फिल्म लावून पाठ केलंय," ते म्हणाले. आणि शाळेतल्या मुलासारखं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आता लाज नाही ना वाटत, मॅडम?"

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.