जवाईची पूजा

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाने सगळा चहा माझ्याच शर्टावर उडवला होता. आणि मूर्खपणा माझाच, त्यामुळे रागावताही येईना!

तेव्हा आमची बदली चंदीगडला झाली होती. मी इंजिनिअर, सरकारी नोकरीत. काम काय, तर ट्रकमध्ये गव्हाची पोती चढवणारा यांत्रिक हात. तुम्ही आज रोबो म्हणता ना, तसलंच काहीतरी, फक्त हत्तीएवढं. लोखंडी फळीवर पोतं ठेवलं की वजनाने कळ दाबली जायची, वरून हात यायचा आणि पोतं उचलून ट्रकमध्ये ठेवायचा. गोदामात पोती वाहणारे पल्लेदार त्याला 'जवाई' म्हणायचे, म्हणजे आपला जावई. काम थोडं, सेवा फार!

आधीच्या एका यंत्राने तिथल्या एका पल्लेदाराची बोटं चिरडली होती. म्हणून या जवाईला माणसाशी नीट वागायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? फळीवरून छातीच्या उंचीवर प्रकाशाचा एक किरण सोडला. खाली सोडला तर पोत्यानेच अडला असता ना! माणूस मध्ये आला, किरण अडला, की हात जागच्या जागी थांबणार. मी स्वतः ताठ उभा राहून वीसदा करून पाहिलं. वीसदा थांबला.

पल्लेदारांचा मुखिया बलकारसिंग. बोटं गेलेला माणूस त्याचा धाकटा भाऊ, आणि आता जवाईशेजारी काम करणार होती ती त्याचीच माणसं. त्याने सगळं शांतपणे पाहिलं.

"साहब जी, बोरी रखदे वेले बंदा झुकदा है।"

"तो झुको ना, मना किसने किया?"

"इक रस्सी लवा दो जी। खींची, ते मशीन बंद।"

रस्सी! मी सहा महिने डोकं आटवलं, आणि हा दोरी मागतोय! म्हटलं, "बलकारसिंगजी, ये मशीन खुद देखती है। रस्सी-विस्सी का ज़माना गया।"

तो आपल्या माणसांकडे निघून गेला. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बायको म्हणाली, "पूजा केल्याशिवाय माणसांना त्या धुडाजवळ पाठवू नका हो." हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ, सगळं पिशवीत घालून मी स्कूटरवर निघालो.

गोदामाच्या फाटकावर बंदूकवाला शिपाई. पंजाबात बॉम्बस्फोटांचे दिवस होते ते. सेक्टर सतराच्या बाजारात भाजीची पिशवीसुद्धा उघडून दाखवायची सवय झाली होती आम्हाला.

"इसमें क्या है?"

"नारियल।"

"खोल के दिखाओ।"

"नारियल कैसे खोलूँ, भाई?"

"बंद चीज़ अंदर नहीं जाएगी। ऑर्डर है।" त्याने नारळ कानाशी धरून हलवला. "अंदर कुछ हिलता है।"

"पानी है!"

"पक्का?"

आता पाणी आहे हे पक्कं कसं करणार? शेवटी फाटकाच्या दगडावर फोडला नारळ. शिपायाने एक तुकडा चावून पाहिला आणि मग मला आत सोडलं.

झाली पंचाईत! यंत्रापुढे फोडायला नारळच उरला नाही. म्हटलं, उरलेली वाटी जवाईच्या फळीवर ठेवू आणि नमस्कार करू.

सगळे पल्लेदार जमले. मी जवाई चालू करायला लावला आणि फळीवर ताठ उभा राहिलो. हात वरून निघाला आणि मध्येच थांबला. "देखा?" म्हणालो. मग मोठ्या भक्तिभावाने फळीवर गुडघे टेकले, नारळाची वाटी ठेवली आणि डोकं टेकवलं.

किरण माझ्या पाठीवरून बिनबोभाट गेला. आणि फळीवर वजन? ते होतंच की! अठ्ठावन्न किलो.

जवाईने मला कमरेला धरलं. अगदी अलगद हं! पोती फाटू नयेत म्हणून पंजांना रबर मीच लावलं होतं. डोकं खाली, पाय वर, कपाळभर कुंकू, आणि मी ओरडतोय, "रोको! रोको!" कोण रोखणार? मेन स्विच गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला! बलकारसिंग धावत तिथे पोचेपर्यंत जवाईने मला ट्रकमध्ये पोत्यांच्या ओळीत व्यवस्थित निजवलं होतं.

कुणीही हसलं नाही. तेच जास्त लागलं मला. बलकारसिंग ट्रकमध्ये चढला आणि माझे हातपाय चाचपू लागला. पोतं ठेवायला वाकलेला त्याचा माणूस असता, आणि हात पडला असता त्याच्या मानेवर, तर? आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आपने कल बोला था," मी पुटपुटलो.

"पहलां पाणी पीओ जी," तो म्हणाला.

त्याच दिवशी रस्सी लागली. फळीच्या चारी बाजूंनी, गुडघ्याच्या उंचीवर, वाकलेल्या माणसाच्याही हाताला येईल अशी. आणि ती ओढून जवाई बंद केल्याशिवाय फळीजवळ कुणी वाकायचं नाही, हा नियम बलकारसिंगनेच घातला.

पुढे दिल्लीहून मोठे साहेब पाहणीला आले. किरण बघून खूश झाले. मग त्यांची नजर रस्सीवर गेली.

"ये क्या है? पल्लेदारों के लिए?"

मी घसा खाकरून काहीतरी तांत्रिक बोलणार, एवढ्यात बलकारसिंग हात जोडून पुढे आला.

"ना जी। पल्लेदारां नूं तां पता है, मशीन अंधी है। एह रस्सी साहब जी दे वास्ते है।"