गुणाबाईंच्या दोन सह्या

वडप्याच्या गोदामात पॅकिंगच्या लाइनीवर गुणाबाई अकरा वर्षं उभ्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण सही मात्र पूर्ण नावाची करायच्या, सावकाश, एकेक अक्षर दाबून. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. घरात मुलगा सागर, सून सुकन्या आणि त्या. सागर काळूरामशेठकडे टेम्पो चालवायचा. गोदामात माणसं पुरवायचा ठेकाही याच शेठचा.

त्याच लाइनीवर आधी मैना होती. वारली पाड्यावरची, तिशीतली, तोंडाने फटकळ. बायकांना शिफ्टमध्ये संडासला जायचं तर हायवे ओलांडावा लागायचा. मैनेने चार दिवस गेटवर बसून आतल्या संडासाचं कुलूप उघडायला लावलं होतं. पाचव्या दिवशी तिला कामावरून काढलं. ती मैना आता आमदारकीला उभी राहिली, अपक्ष.

अपक्षाच्या फॉर्मवर दहा मतदारांच्या सह्या लागतात. नऊ मिळाल्या आणि दहाव्या सहीसाठी माणूस मिळेना. जो तो म्हणे, मत देऊ, पण कागदावर नाव नको. सोमवारी मैना फॉर्म घेऊन दारात आली तेव्हा गुणाबाईंनी पेन मागून घेतलं.

"मावशी, सागरला विचारा आधी," मैना म्हणाली.

"सही माझी हाय. त्याला काय इचारू?"

मैना निवडून येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण पाड्यांवरची मतं ती खाणार होती, आणि काळूरामशेठचा उमेदवार त्याच मतांच्या भरवशावर होता.

मंगळवारी फॉर्म भरायची मुदत संपली. त्या संध्याकाळी सागर एक कागद घेऊन आला. गुणाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या.

"आये, इम्याचा कागद हाय. कंपनीनं मागितलाय. इथं सही कर."

त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. पोराने आणलेला कागद कोण वाचत बसतं?

बुधवारी अर्जांची छाननी होती. गुणाबाई सातच्या शिफ्टला गेल्या. आठच्या सुमारास सागर फोनवर बोलत होता आणि मागे सुकन्या कपडे पिळत होती. तिच्या कानावर आलं, "हो शेठ, आयची सही घेतली. फॉर्मवरची सही माझी न्हाय, असंच लिवलंय ना? अकराला हजर ऱ्हातो."

सुकन्येच्या हातातला कपडा तसाच राहिला. सागर निघून गेल्यावर तिने सासूला फोन लावला. पण गोदामात मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. मग तिने सासूचं मतदार कार्ड पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली.

गेटवर पोहोचून निरोप आत जाईपर्यंत दहा वाजले. सुकन्येने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. गुणाबाईंनी एकदाच विचारलं, "तू सोताच्या कानानं ऐकलंस?" मग त्या सुपरवायझरकडे वळल्या. तो शेठचाच माणूस.

"जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर सोडता येणार नाही," तो म्हणाला. "गेलात तर अर्धा दिवसही धरणार नाही हां."

"पुरा खाडा लाव." गळ्यातलं गोदामाचं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

हायवेवर कंटेनरची रांग लागली होती. सुकन्या कधी कडेच्या धुळीतून, कधी दोन चाकांच्या फटीतून गाडी काढत होती. तिचा खांदा धरून गुणाबाई मागे बसल्या होत्या. मैनेला दुसरा फॉर्म भरता येणार नव्हता. एक सही गेली की सगळंच गेलं.

"सागर तिथं असंल?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

गाव आल्यावर सुकन्येने गाडी निवडणूक कचेरीकडे वळवली.

सव्वाअकराला पोलिसांनी स्कूटी बाहेरच अडवली. गुणाबाई चपला फटफटवत आत धावल्या. व्हरांड्यात बाकावर सागर बसला होता. आईला बघून तो ताडकन उठला आणि त्याने तिची वाट अडवली.

"आये, घरी जा. माझी गाडी जाईल. पाया पडतो तुझ्या."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्या बाजूने निघून गेल्या.

दारातल्या शिपायाने पास मागितला. "माझ्याच सहीचं चाललंय आत," त्या म्हणाल्या. आवाज ऐकून निवडणूक अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि त्यांना आत घ्यायला सांगितलं. मैना भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. समोरच्या खुर्चीत आपल्या उमेदवारातर्फे हरकत घेऊन आलेला काळूरामशेठ.

अधिकाऱ्यांनी आधी गुणाबाईंचं मतदार कार्ड तपासलं, मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "बाई, यातली तुमची सही कोणती?"

"दोनी माझ्याच."

"साहेब, बघा, बाईला काहीच कळत नाही," शेठ म्हणाला.

"कळतं," गुणाबाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्मवरच्या सहीवर बोट ठेवलं. "ही मी समजून केली. मैनेसाठी. ही दुसरी इम्याची म्हणून घेतली माझ्याकडनं."

"कोणी घेतली?"

शेठ त्यांच्याकडे रोखून बघत होता.

"माझ्या पोरानं. सागरनं. भाएर उभा हाय."

सागरला आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आईला हा कागद वाचून दाखवला होता?"

सागरने कागद उचलला आणि परत खाली ठेवला.

"बोल ना रे!" शेठ खेकसला.

सागरने आईकडे बघायचं टाळलं. "न्हाय," तो म्हणाला.

हरकत फेटाळली गेली आणि मैनेचा अर्ज वैध ठरला. मैना तिथल्या तिथे खाली बसली आणि तोंडात पदर धरून रडली. गुणाबाईंना रडू आलं नाही. त्यांना फक्त पाणी हवं होतं.

दुपारी शेठने टेम्पोची चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी गेटवर गुणाबाईंनाही सांगितलं, काम कमी आहे. मग त्या मैनेबरोबर पाड्यापाड्यांवर हिंडल्या. काही ठिकाणी पोहोचायच्या आधीच शेठची माणसं जाऊन धमकावून आलेली असत आणि दारं लोटलेली असत. मतमोजणीत मैना पाचवी आली. तीन हजारांवर मतं होती. शेठचा उमेदवारही पडला.

सागर महिनाभर घरात आईशी बोलला नाही. पुढे त्याला मानकोलीच्या एका गोदामात काम मिळालं आणि तो सुकन्येला घेऊन तिकडेच खोलीवर राहायला गेला. गुणाबाई आता पूर्ण्याच्या एका गोदामात पॅकिंगच्या लाइनीवर उभ्या असतात. रविवारी सागर येतो, चहा घेतो, छपराचे पत्रे नीट करतो. त्या बुधवारबद्दल तो अजून एक शब्द बोललेला नाही.

सुकन्येने एकदा विचारलं, "आई, त्यांचं नाव न घेता भागलं नसतं का?"

गुणाबाई तांदूळ निवडत होत्या. "भागलं नसतं," त्या म्हणाल्या. मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "पण घेताना घशाखाली आग गेली गं."