दिव्यांच्या बोटीला आशीर्वाद

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की आमच्या मालवण किनाऱ्यावर फादरला दम म्हणून मिळत नाही. रोज कुणाची तरी होडी पाण्यात उतरायची असते आणि पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय ती उतरत नाही. मी मूळचा इन्सुलीकडचा. लहानपणी मला मासा ठाऊक होता तो बाजारातल्या टोपलीतला. त्यामुळे एका हातात बादली, दुसऱ्या हाताने वाऱ्यावर उडणारा झगा आवरत मी डुगडुगत्या फळीवरून चढायला लागलो की सगळी जेटी श्वास रोखून बघते. मी पडावं म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करणारेही दोघेचौघे असतील.

तरी हे काम मला आवडतं. प्रवचनात विश्वास, श्रद्धा हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. इथे एक माणूस समोर उभा असतो, त्याला दर्यात जायचं असतं आणि परत यायचं असतं. मी कधी जास्त चौकशी केली नाही. स्कूटरला आशीर्वाद देताना लायसन विचारलं नाही, की पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांना देताना जागेचे कागद मागितले नाहीत.

मग एका शनिवारी तो आला. आमच्या गायनमंडळात खड्या आवाजात गाणारा, बरीच वर्षं परदेशी जहाजावर काढून गावात परतलेला.

“फादर, आयतवारी मिसा झाल्यार माझ्या नव्या बोटीर येवा.”

त्या बोटीबद्दल मी ऐकून होतो. सगळं गाव दुसरं काही बोलतच नव्हतं.

“लायटी आसत मरे तिच्यार?”

“आसत. लपवून काय करू? मी नाय मारलंय तर भायरचे येवन मारतले. रापणीच्या वाट्यार पोरांची शिक्षणा होणत नाय, फादर.”

खोल पाण्यात रात्री प्रखर दिवे सोडले की लहानमोठा सगळा मासा तिथे गोळा होतो आणि एका जाळ्यात उचलला जातो. कायद्याने बंदी आहे, पण दिवे लागतात. किनाऱ्याकडे मग काही येत नाही. आणि माझ्या चर्चची निम्मी माणसं किनाऱ्यावरच जगतात, रापणीवर: लांबलचक जाळं, सगळ्या वाडीने मिळून दोराने ओढायचं आणि मिळालेला मासा वाटून घ्यायचा. तो वाईट माणूस नव्हता, हाच माझा वैताग होता. वाईट असता तर मी दोन मिनिटांत वाटेला लावला असता.

संध्याकाळी त्याचा बाप आला. बाप रापणीचा म्होरक्या. एकाच घरात राहून दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

“तुमी खुशाल जावा, फादर. पण त्याच हातांनी मगे आमच्या रापणीर पाणी शिंपडूक येव नको.”

एवढं बोलून तो गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. एका ज्येष्ठ फादरना फोन केला. ते म्हणाले, विवेकाने वागा, आणि तिकडे पाऊस कसा आहे ते विचारलं. मी फोन ठेवला तो जरा जोरातच. आवारात इतक्या फेऱ्या मारल्या की स्वयंपाकाच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “काय हरवला काय, फादर?” शेजाऱ्यावर प्रेम करा असं मी वेदीवरून किती वेळा सांगितलं असेल. इथे दोघेही शेजारीच, आणि एकाच्या जाळ्यात गेलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यातून वजा होणार. येशूच्या जवळच्या मित्रांत इतके मासेमार, तरी या बाबतीत तो काहीच सांगून गेला नाही, याचा मला त्या दिवशी चक्क राग आला.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी जेटीवर गेलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण न जाणं म्हणजे तोंड लपवणं झालं असतं. बोट झेंडूच्या माळांनी सजवली होती. मधल्या सांगाड्यावर, जिथे दिवे होते तिथे, निळी ताडपत्री करकचून बांधलेली. थोड्या अंतरावर रापणीच्या जाळ्याजवळ बाप आमच्याकडे पाठ करून उभा होता.

“ताडपत्री काढ,” मी म्हटलं.

“कित्याक?”

“आशीर्वाद बोटीक व्हयो मां? मगे सगळ्या बोटीक. झाकान ठेवलेल्याक कसो देवचो?”

तो गेला, दोराची गाठ धरली, आणि थांबला. जाळ्याकडे बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बापाशीच्या समोर नको, फादर.”

मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो. या उत्तराची तयारी नव्हती. आदल्या दिवशी माझ्यासमोर ‘लपवून काय करू’ म्हणणारा हा माणूस, आणि बापासमोर त्याचे हात चालेनात. मला त्याची दया आली. बादली खाली ठेवून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्यासाठी आणि खलाशांसाठी प्रार्थना केली. बोटीवर थेंब टाकला नाही. जेवायला बसेपर्यंत मला वाटत होतं, साप मेला आणि काठीही मोडली नाही.

दुपारी बाप पुन्हा आला. धापा टाकत.

“फादर, बोटीक पाणी शिंपडल्यात?”

“नाय. तुमच्या झिलाच्या डोक्यार हात ठेवलंय. बोटीक नाय.”

त्याला बरं वाटेल असा माझा अंदाज. तो पायरीवर बसकण मारून राहिला.

“वारो बघितल्यात? आमच्या घरातली बिन आशीर्वादाची बोट आजून दर्यात गेलेली नाय. उठा, फादर. बेगीन चला.”

“तुमीच सांगलात मां, जाव नको म्हणान?”

“सांगलंय. खोटा नाय सांगूक. पण आज माझो झील दर्यात जाता.”

पुढचं आधीच सांगून टाकतो. बोट सुखरूप परत आली, भरून आली. रापण त्या आठवड्यात जवळजवळ रिकामी ओढली गेली आणि तिथल्या बायका माझ्याशी सरळ बोलेनात. त्यांचं काय चुकलं? या दोन्हींत माझा वाटा किती, हे मला अजून उमगलेलं नाही. रविवारी वेदीवर उभा राहिलो की दोन्हीकडची तोंडं दिसतात आणि प्रवचनाचा धागा तुटतो.

पण त्या दुपारी आम्ही पोचलो तेव्हा बोट सुटली होती, बरीच आत गेली होती. बाप गुडघाभर पाण्यात शिरला आणि म्हणाला, “हंयसूनच म्हणा.” मी पुस्तक उघडलं. छापील प्रार्थनेत बोट येते, माणसं येतात आणि मग येते ‘तिच्यावरची सर्व साधनं’. तिथे माझी जीभ अडली. ती ओळ गाळावी का?

त्याने मागे वळून बघितलं. “सगळा म्हणा, फादर. कायएक सोडू नको.”

मी सगळं म्हटलं, दिव्यांसकट, वाऱ्यावर ओरडून. त्याने माझ्याहून मोठ्याने आमेन म्हटलं.